आमच्याकडे निळा आला

आमच्या घरी सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसायचा, रंगाचा असायचा. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून मोरीच्या दारात उभे. आई उकिडवी बसलेली. तिच्या हातातल्या चिमट्यात काचेची नळी आणि नळीखाली स्पिरिटचा दिवा. नळीत डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध आणि त्यात बाबांच्या लघवीचे थेंब. उकळलं की रंग फिरायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जरा जास्त, नारिंगी म्हणजे सांभाळा, आणि विटकरी म्हणजे वाट लागली. ऐंशीच्या दशकात आमच्यासारख्यांच्या घरी साखर बघायची ती अशी. बोटाला टोचून आकडा सांगणारं यंत्र आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं.

बाबा नळीला सिग्नल म्हणायचे. "सिग्नल काय म्हणतो?" असं विचारायचे, आणि आई म्हणायची, "पिवळो." मग बाबा म्हणायचे, "म्हणजे गाडी हळू घ्यायची," आणि चहाचा अर्धाच कप प्यायचे, तोही बिनसाखरेचा. निळा त्यांच्या नशिबात नव्हताच. ते म्हणायचे, सिग्नलला निळा दिवा कुणी पाहिलाय?

नळी स्वयंपाकाच्या स्टोव्हवर धरायची नाही, हा आईचा कायदा होता. चारकोपच्या सेक्टरमधली आमची एक खोली. तिच्यात ओटा, ओट्याच्या वर देव्हारा आणि चार पावलांवर मोरी. देवाच्या नाकासमोर मूत उकळणार का, असं ती म्हणाली आणि वेगळा दिवा घेऊन आली. सगळी तपासणी पारोशानं, आंघोळीच्या आधी. मग तिची आंघोळ, मग पूजा, आणि पूजेत ती गावच्या देवाला रंग सांगायची. "आज नारिंगी इलो हा, उद्या पिवळो कर रे महाराजा." देवाला रोजचा रिपोर्ट जायचा. डॉक्टरला महिन्यातून एकदा.

तिला एवढी धास्ती का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, गावी याच रोगानं गेले होते. आधी डोळे अधू झाले, मग पायाची जखम भरेना, मग अंग सुजलं, आणि साठी गाठायच्या आत माणूस संपला. त्यांचं शेवटचं सगळं आईनं केलं होतं. बाबांना साखर निघाली त्या दिवशी ती रात्री भांडी घासताना एकदाच म्हणाली, "ह्यांका मी तसा जावक देवचंय नाय." तेव्हापासून ती आणि ती नळी. बाबांना भावाच्या वाटेनं जाऊ द्यायचं नाही, बाकी जगात काही का होईना.

मला मात्र या रोगाचा पहिल्यापासून राग. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. दात दुखला तर माणूस बोंबलतो. हा रोग काही बोलतच नाही. बाबा खात-पीत होते, हसत होते. गिरणी बंद पडल्यावर इकडे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन लागले होते, तिथं दिवसभर खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत होते. आजारी आहेत कुठे? आणि तरी नळी रोज नारिंगी. मी अंधेरीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. तिथं चूक झाली तर कागदावर दिसायची. इथं चूक कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

आईनं काय काय केलं नाही? कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड. भात कमी, भाकरी जास्त. मटकी, कुळीथ, वाल, रोज कसली तरी उसळ, कारण डॉक्टर म्हणाले होते कडधान्यं भरपूर खा, पाणी भरपूर प्या. तिनं घरातली साखरच बंद केली, आमचीसुद्धा. गोकुळाष्टमीला शेजारी गोड पोहे करायचे आणि आम्ही वास घ्यायचो.

मग एका मे महिन्यात गावाहून मावशी आली आणि सोबत बिवळ्याच्या लाकडाचा पेला घेऊन आली. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं आणि उजेडात धरलं की कडेला निळसर झाक मारतं. गावाकडे साखरेवर हा उपाय सगळे करतात. आईनं ती निळी झाक पाहिली आणि तिचा जीव त्या पेल्यात अडकला. बाबांनी नाक मुरडलं, पण प्याले. तिच्यासमोर त्यांचं काही चालायचं नाही.

आणि काय सांगू, रंग खरंच उतरायला लागला. पावसाळा संपेपर्यंत नारिंगीचा पिवळा झाला, दिवाळीनंतर हिरवा. मी आईला म्हटलं, थंडी आहे, म्हणून असेल. तिनं डोळे वटारले. आणि माघाच्या एका सकाळी मोरीतून तिची हाक आली. हाक म्हणण्यासारखी मोठी नव्हती. "अगो, हय ये. निळो."

आम्ही सगळे मोरीत घुसलो. नळीत निळं औषध निळंच राहिलं होतं. बाबांनी ती उजेडात धरली, उलटसुलट बघितली. "खराच निळो मां?" त्यांनी आईला विचारलं. आई रडत होती. दुसऱ्या दिवशी निळा, तिसऱ्या दिवशी निळा. आमचे डॉक्टर नाक्यावर दवाखाना टाकून बसलेले, भले गृहस्थ. त्यांनाही आनंद झाला. वा, झकास, असंच चालू ठेवा, म्हणाले.

निळा आला तर पेढे वाटीन, असं आईनं देवाला बोलून ठेवलं होतं. तेव्हा साखर गेली म्हणून आमच्या घरानं आख्ख्या लायनीत पेढे वाटले. आज हसू येतं, तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. लोकांनी पेढा तोंडात टाकून बाबांचे हात हातात घेतले. बाबांनीही खाल्ला, एक. कितीतरी वर्षांनी. डोळे मिटून खाल्ला, आणि आई त्यांच्याकडे बघत राहिली.

पेढे वाटताना पेल्याचीही कीर्ती पसरली. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक आंटी राहायची. कॅथलिक, माहेर मढचं, बोलणं आमच्यासारखंच मराठी. सुके बोंबील आणून द्यायची आणि जाताना आईकडून कुळथाचं पीठ न्यायची. तिलाही साखर होती, तीही घरी नळीत रंग बघायची. आईनं मावशीकडून दुसरा पेला मागवला आणि तिला दिला. आणि जसा दिला तसा उपदेशही दिला, गोळ्या आता हळूहळू सोडून दे, विषच ते. कारण तोवर आमच्याकडे तेच चाललं होतं.

ते असं झालं. निळा यायला लागला आणि थोड्याच दिवसांत बाबांना कामावर चक्कर यायला लागली. सकाळची गोळी घेतली की अकराच्या सुमारास घाम, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. एकदा इस्टेटच्या गेटातच बसकण मारली. कुणीतरी गोड चहा पाजला आणि माणूस ताडकन उठला. डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरतेय, गोळी अर्धी करा. आईचा तर आनंद मावेना. साखर असती तर गोड खाऊन बरं वाटलं असतं का? रोगच उरला नाही तर गोळी कशाला? अर्धीची तिनं पाव केली आणि मग बंदच केली. तिचा हिशेब चुकीचा होता असं मला कुठेच दिसेना. मी दहा वेळा मनात उलटापालटा करून पाहिला. नळी निळी, गोळी घेतली तर चक्कर, गोड खाल्लं तर बरं. यातून दुसरं काय निघतं, सांगा ना.

बाबांचं अंगही भरलं. सकाळी चेहरा गोल दिसायचा, पोटऱ्या भरदार. आई म्हणाली, तोंडावर तेज आलं. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतून पायावर वळ उठायचा. त्यावर बाबा म्हणाले, चप्पल जुनी झाली. लघवीच्या बाटलीत वर पांढरा फेस यायचा, दाट. तो आई रोज बघत होती, पण फेसाचं कुणी विचारलंच नव्हतं. सगळे रंगाचं विचारत होते.

हे सगळं बरं चाललंय असंच आम्ही धरून होतो, आणि मग बाबांनी बांगडा नको म्हटला. मालवणी माणूस, बांगड्याचं झणझणीत तिखलं समोर आलेलं, आणि ताट बाजूला सारलं. वासानं ढवळतं म्हणाले. एक दिवस, दोन दिवस, मग रोज. आता आई घाबरली. साखर असताना ज्या माणसानं बांगड्याचे काटेसुद्धा चोखून खाल्ले, त्याला साखर गेल्यावर बांगडा जात नाही? तिनं मला सुट्टी काढायला लावली आणि आम्ही बाबांना घेऊन बोरिवलीला साखरेच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी आधी पाय दाबून पाहिला. बोटाचा खड्डा पडला तो पडूनच राहिला. मग रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा आईनं पिशवीतून नळी काढली होती, त्यांना निळा दाखवायला. रुमालात गुंडाळून आणली होती.

बाई म्हणाल्या, "रक्तात साखर आहे. बरीच आहे. आणि दोन्ही किडन्या बहुतेक कामातून गेल्यात."

आई म्हणाली, "पण रंग निळा येतो."

"येणारच. रक्तात साखर फार झाली की ती किडनीतून लघवीत ओसंडते, तेव्हा तुमच्या नळीत दिसते. यांची किडनी आता तेवढी ओसंडू देत नाही. साखर आत आहे, नळीत येत नाही, एवढंच."

मी विचारलं, "मग चक्कर यायची ती? ती तर साखर कमी झाल्यावर येते ना?"

"बरोबर. गोळीचं औषध अंगाबाहेर टाकायलाही किडनीच लागते. ते आतच रेंगाळायचं आणि साखर एकदम खाली आणायचं."

"म्हणजे साखर जास्त आहे की कमी आहे?"

"कधी जास्त, कधी कमी. दोन्ही."

डोक्याची नुसती मंडई झाली. बाई चांगल्या होत्या, चिडल्या नाहीत, कागदावर किडनीच्या चाळणीचं चित्रसुद्धा काढून दाखवलं. मी मान हलवत होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. जी जी खूण आम्ही बरं होण्याची म्हणून धरली होती, ती ती उलटी निघाली. रंग, चक्कर, चेहऱ्यावरचं तेज. फेस म्हणजे अंगातलं सत्त्व वाहून चाललं होतं. बाबा मधेच म्हणाले, "म्हणजे सिग्नलच बिघडला." बाई हसल्या. आम्ही नाही हसलो.

आईनं शेवटी एकच विचारलं, "मगे मी इतकी वर्सां बघत होतंय काय?" बाईंना मालवणी कळलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, आधीची वर्षं नळी बरोबरच सांगत होती, पुढे मधेमधे रक्तही बघायला हवं होतं. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बिवळ्याचं मी विचारलं तर म्हणाल्या, त्यानं किडनी गेली असं मी म्हणणार नाही आणि त्यानं साखर उतरली असंही म्हणणार नाही. हे काय उत्तर झालं? मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला. हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा.

पुढचा घोळ जेवणाचा. भरपूर खा म्हणून सांगितलेली कडधान्यं बंद. पाणी मोजून. शहाळं नको, टोमॅटो नको, पालेभाजी उकळून पाणी फेकून द्या. आणि जो आईनं एवढा कमी केला होता, तो भात चालेल, साबुदाणा चालेल, आरारूटची खीर चालेल. आई ओट्यापाशी उभी राहायची आणि हात चालायचा नाही. आयुष्यभर ज्या चुलीवर डोळे मिटून रांधलं, तिथं तिला आता प्रत्येक गोष्ट विचारून करावी लागत होती. मला विचारायची, आणि मी कोण मोठी लागून गेले? मी कागद वाचून सांगायचे आणि वाचता वाचता मलाच वाटायचं, आपण उलटं तर वाचत नाही ना. बाबा मात्र भात बघून खूश झाले. "मरायला टेकल्यावर बरं जेवायला मिळतं," म्हणाले. आईनं डाव ओट्यावर आपटला.

आणि मग तिला आंटी आठवली. कुकरची शिट्टी होत होती, तसाच स्टोव्ह बंद करून माझा दंड धरून म्हणाली, चल. तिला मी गोळ्या सोडायला सांगितल्या, असं ती पुटपुटत होती. पलीकडच्या गल्लीपर्यंत ती जवळजवळ धावत गेली. इतकी वर्षं तिला मी पदर न सावरता रस्त्यावर पाहिलं नव्हतं.

आंटी दारात बसून बोंबील निवडत होती. आम्हाला बघून उठली, आणि आम्ही काही बोलायच्या आत तिचा चेहरा फुलला. "मीच येणार होते तुमच्याकडे. आज माझा पण निळा आला."

आई जागच्या जागी उभी राहिली. मी म्हटलं, आंटी, रक्त तपासून घ्या. लगेच घ्या. तिला काही समजेना. मी किडनी, चाळणी, ओसंडणं, बाईंनी सांगितलेलं सगळं सांगायला गेले आणि माझंच मला पटेनासं झालं. आंटीचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग मनाला लागल्यासारखी म्हणाली, "तुमचा आला तेव्हा पेढे. माझा आला तर रक्त काढा होय?" तिला वाटलं आम्हाला बघवलं नाही. आईनं तिचे हात धरले, बोंबलाचेच हात, आणि म्हणाली, माझ्यासाठी जा गो, एकदाच जा. आंटी हात सोडवून आत गेली.

पण ती गेली. घाबरली असणार. आठवड्यानं आमच्या दारात आली तेव्हा बाबा खाटेवर होते. पाय उशीवर, पायांना तेल लावत मी बसले होते. आंटीच्या हातात रिपोर्ट होता, पण ती तो पुढे करेना. बाबांनीच मागितला आणि मला वाचायला दिला. साखर ताब्यात होती. किडन्या उत्तम. तिचा निळा खराखुरा निळा होता.

"गोळ्या सोडल्यावरही?" मी विचारलं.

आंटी खाली बघत म्हणाली, "सोडल्याच नव्हत्या मी. दोन्ही घेत होते, गोळी पण आणि पाणी पण. मम्मीला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मम्मी म्हणजे माझी आई. आमच्या आसपासचे सगळे ख्रिश्चन तिला मम्मी म्हणायचे.

बाबा मनापासून हसले. "बरं झालं हिचं ऐकलं नाहीस. बस, चहा घे." त्यांना खरोखर आनंद झाला होता, ते मी शपथेवर सांगेन. त्यानंतर ते वर्षभरही काढू शकले नाहीत. काकांच्याच वाटेनं गेले, तीच सूज, तेच न जेवणं. आंटी आईच्याही मागे कितीतरी वर्षं राहिली, आणि शेवटपर्यंत बोंबील आणत राहिली. पण मला आठवते ती ती दुपार. आंटी चहा घेऊन गेली. आई इतका वेळ तिच्याशी नीट बोलली होती, बिस्किटं पुढे केली होती, देवानं ऐकलं म्हणाली होती. मी कप घेऊन मोरीत गेले तर ती तिथं भिंतीला टेकून बसली होती. मला तिचा राग दिसला. माणसावरचा नव्हता. कुणावरचा, ते तिलाच कळत नव्हतं.

"तिचो निळो खरो आणि आमचो खोटो?" ती म्हणाली. "रंग तर एकच होतो गो."